तीन दाबा, चौथा सोडा

पेन टेबलाच्या कडेकडे घरंगळलं, आणि कळ दाबायला निघालेला हात वळवून तिने ते हवेतच झेललं. म्हणजे कळ दाबली गेली नव्हती. कान तपासायच्या यंत्रावर उजवा कान, चार हजार कंपनं, तीस डेसिबल असं सगळं लावून ठेवलेलं होतं, पण आवाज सुटला नव्हता. तरी हिरवा दिवा लागला. वाटाण्याएवढा तो दिवा आतल्या माणसाने हातातलं बटण दाबलं की लागतो, दुसऱ्या कशाने लागत नाही. अर्धा सेकंद जळून तो विझला. घाईने नाही, अडखळत नाही. पाहुण्याने ठरल्या वेळी दारात यावं आणि घरात कुणी नाही हे त्याच्या लक्षातही येऊ नये, तसा.

तिने पेन खाली ठेवलं. पुन्हा घरंगळू नये म्हणून त्याला टोपण लावलं. काचेपलीकडे दादा डोळे मिटून बसला होता. कानांवर हेडफोन, उजवीकडे लाल, डावीकडे निळा. हातात बटणाची दांडी, आणि ती त्याने अशी धरली होती जशी तो ड्रमची काठी धरतो, मुठीत नाही, तीन बोटांत, खेळती. चेहऱ्यावर तेच हसू, जे तीस वर्षं हॉलमधल्या लोकांनी दुरून पाहिलं होतं. तिने पुढची कळ दाबली, खरीखुरी. दिवा लागला. त्यापुढची दाबली. दिवा लागला नाही. आलेखाच्या कागदावर ठिपका द्यायचा होता, आणि तिचा हात तो ठिपका पंधराच्या रेषेवर देऊन मोकळाही झाला. सवयीने. मग ती त्या ठिपक्याकडे बघत बसली, आणि तळघरातल्या त्या खोलीत, जिथे मुद्दामच काही ऐकू येत नाही, तिला आपल्याच मानेतली शीर ऐकू यायला लागली. तिचाही ठेका ठरलेला होता.

या खोलीत तिची अकरा वर्षं गेली होती. इस्पितळाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रांपासून दोन भिंती सोडून, जाड दुहेरी दाराची एक पेटी. पेटीत माणूस, बाहेर ती, मध्ये काच. येणारे बहुतेक म्हातारे असत, किंवा कारखान्यातले. वादक आले ते तीन वर्षांपूर्वी, दादामुळे. मोठ्या हॉलांनी नियम केला, ड्रम वाजवणाऱ्याने दर वर्षी कान तपासल्याचा दाखला आणायचा, नाहीतर स्टेजवर पाऊल नाही. वादक संघातले बारा ड्रमवाले हवालदिल झाले. दादा म्हणाला, "हात्तिच्या! आमची बारकी आहे की. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?" घरच्या माणसाला आपण तपासू नये हे तिला ठाऊक होतं. पण तिला एक अभ्यासही करायचा होता: जन्मभर धडधडाटात बसणाऱ्यांच्या कानांचं काय होतं. मग तिने एक पद्धत घालून दिली. आधी अर्धा तास गप्पा, त्या टेपवर. हा धंदा कसा लागला, दिवसाला किती तास, कानात बोळे घालता का, तुमच्यात आपापसात कसं असतं. मग पेटी. मग आलेख. मग तिची सही: श्रवणशक्ती सामान्य. तीन वर्षांत एकालाही तिने नापास केलं नव्हतं. ड्रमवाल्यांचे कान शाबूत राहतात, असा काहीसा निष्कर्ष निघत होता, आणि तो जगावेगळा असल्यामुळे तिला मनातून आवडत होता.

टेबलाच्या खालच्या खणात एक पत्र होतं. ते आठ दिवसांपूर्वी आलं आणि त्याची मुदत आज संपत होती. चौकशी अधिकाऱ्याने विचारलं होतं, मयत वादकाच्या श्रवणशक्तीचा जो दाखला आपण दिला तो बरोबर असल्याचं लेखी कळवावं. मयत वादक म्हणजे पोपट. कुणाचंही वाजवणं एकदा ऐकलं की हुबेहूब काढून दाखवायचा म्हणून पोपट. पंचवीस दिवसांपूर्वी, कार्यक्रम संपल्यावर, हॉलच्या मागच्या अंगणात सामान गाडीत चढवताना एक ट्रक मागे आला आणि पोपट त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये सापडला. तिसऱ्या दिवशी गेला. चालक म्हणत होता, गाडी मागे घेताना जो टीं-टीं भोंगा वाजतो तो वाजत होता. तपासणीत भोंगा चालू निघाला. पण तो बंद करायची कळ असते, आणि अंगणात उभ्या असलेल्या दोन साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं की भोंगा वाजला नाही. शिवाय मयताचे कान उत्तम असल्याचा इस्पितळाचा दाखला होता. वाजला असता तर त्याने ऐकला असता. चालक कोठडीत होता. साक्षीदारांपैकी एक होता मुनीम, सगळं मोजून-मापून बोलणारा, म्हणून मुनीम. दुसरा दादा.

सोमवारी चालकाची बायको इथवर आली होती. तिला कुणी आत सोडलं कोण जाणे. दारातच उभी राहिली, मग बस म्हटल्यावर खुर्चीच्या अगदी काठावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन, रेल्वेच्या डब्यात अनोळखी माणसांत बसावं तशी. रडली-बिडली नाही. म्हणाली, "बाई, तुमचा कागद म्हणतो, त्याला सगळं ऐकू येत होतं. माझा माणूस म्हणतो, भोंगा चालू होता. दोन्ही खरं कसं असेल?"

"चौकशी चालू आहे," ती म्हणाली होती.

"ते झालंच हो. पण तुम्ही शिकलेल्या. मी आपली तुम्हालाच विचारते. माझा माणूस खोटं बोलत नाही, असं नाही म्हणत मी. दारू प्यायलाय की नाही यावर हमखास बोलतो. पण गाडीबद्दल नाही बोलत. गाडीबद्दल त्याला खोटं बोलताच येत नाही." मग ती उठली, जाताना पेटीच्या काचेतून आत डोकावली आणि विचारलं, "इथे कोंडून विचारता होय? मग खरंच बोलत असतील सगळे."

त्या वाक्यानंतर तिला नीट झोप लागलेली नव्हती. पत्राचं उत्तर दोन ओळींचं होतं. ती लिहायला बसे, 'दाखला बरोबर' एवढं लिही, आणि कागद उलटा करून ठेवी. का, ते स्वतःला सांगत नसे. शाळेत विज्ञानाच्या बाई म्हणायच्या, जे दिसतं ते लिहा, जे वाटतं ते नाही. पण न दिसणारं काही खोलीत येऊन बसलेलं असलं तर त्याला कोणत्या रकान्यात लिहायचं, हे त्यांनी शिकवलं नव्हतं. मग ती टेपा ऐके. दुपारी जेवणाच्या सुटीत, एकेक. त्या बारा माणसांचे आवाज तिला पाठ होत आले होते. गंमत म्हणजे पहिल्या ऐकण्यात ती ज्या जागांवर हसली होती, त्याच जागा आता ती टेप मागे नेऊन पुन्हा ऐकत होती.

मुनीमाची टेप. "गाणारा चुकला की लोक म्हणतात, आज घसा बसलाय. आम्ही चुकलो तर लोकांना कळतच नाही काय चुकलं. नुसते पाय थांबतात. पायांना आधी कळतं, कानांना मागून. म्हणून सांगतो ताई, कान बिन सगळं शोभेला. आम्ही ऐकतो स्टुलावरून. बुडाने!" आणि तिचं स्वतःचं हसणं. "लिहा, लिहा," मुनीम म्हणतो, "शास्त्रीय भाषेत काय म्हणतात बुडाला ते लिहा." मग ती विचारते, तुमच्या बाराजणांत स्पर्धा नाही? मुनीम म्हणतो, "एक गोष्ट सांगतो. बाकी वादकांत कुणाची जागा रिकामी झाली की दुसरा उडी मारून बसतो. आमच्यात नाही. आमच्यात एकाचं काही बिघडलं तर बाकीचे अकरा झाकतात. आम्ही सगळ्यांच्या मागे बसणारी माणसं. आमच्या मागे कोण बसणार? आम्हीच." ही ओळ तिने वहीत उतरवून अधोरेखित केली होती, समाजभाव म्हणून.

आणि पोपटाची शेवटची टेप, अपघाताच्या दोन महिने आधीची. त्यात तो पहिली दहा मिनिटं नुसता तिची नक्कल करतो. "किती तास? बोळे घालता का?" थेट तिच्याच आवाजात. मग एकाएकी म्हणतो, "ताई, खरं सांगू? मला हल्ली हॉल ऐकू येतो. माणसं नाही येत." ती विचारते, म्हणजे? टेपवर चार सेकंद काही नाही. तिने घड्याळ लावून मोजले होते, चार पूर्णांक दोन. मग पोपट म्हणतो, "म्हणजे काही नाही. चला, घ्या परीक्षा. तुमच्या भावाने चांगली तयारी करून घेतलीय." आणि ती हसते. टेपवर ती हसते, दर वेळी, त्याच जागी. तिला थांबवता येत नाही.

तयारी. बाहेरच्या बाकावर ते चौघे-पाचजण एकदम येऊन बसत. दाराच्या फटीतून तिला त्यांच्या मांड्या दिसत आणि मांड्यांवरची बोटं. सगळ्यांची बोटं एकच काहीतरी वाजवत असायची. तीन ठोके, एक मोकळा, एक ठोका, दोन मोकळे, एक ठोका. पुन्हा पहिल्यापासून. हाताला चैन नाही यांच्या, असं ती वर नर्सना कौतुकाने सांगायची. आता काचेपलीकडे दादा होता, आणि टेबलावर तिच्याच अक्षरात तपासणीचे आकडे होते. तिने ते पहिल्यांदा आकडे म्हणून न बघता वरून खाली नुसते बघितले. पद्धत जगभर एकच आहे: चाळीसवर सुरू करायचं. ऐकू आलं, दहा खाली. ऐकू आलं, आणखी दहा खाली. नाही आलं, पाच वर. चाळीस, होय. तीस, होय. वीस, होय. दहा, नाही. पंधरा, होय. पाच, नाही. दहा, नाही. पंधरा, होय. म्हणजे पंधरा. तीन ठोके, एक मोकळा, एक ठोका, दोन मोकळे, एक ठोका. कागदाचा तो रकाना बाकावर वाजत होता, तीन वर्षं, तिच्या दाराबाहेर.

तिने कपाट उघडून या वर्षीचे अकरा आलेख काढले. कोणी वीसला टेकलेला, कोणी दहाला. तेवढी चूक माणसाकडून होणारच. बाकी सरळ रेषा. अकरा सरळ रेषा. इतकी सरळ रेषा माणसाच्या शरीरात कुठेच नसते, ना कण्यात, ना हृदयाच्या कागदावर. जिवंतपणी तर नसतेच. हे तिला पहिल्या वर्षीच दिसायला हवं होतं. दिसलं होतंही. तिने ते कानामागे टाकलं, जसं वहिनीचं बोलणं टाकलं होतं. वहिनी म्हणाली होती, "तुझा भाऊ हल्ली घरात ओरडून बोलतो गं. आणि किटली शिट्ट्या मारमारून कोरडी होते, हा शेजारी बसून पेपर वाचतोय." ती म्हणाली होती, "पुरुषांना किटली ऐकूच येत नाही वहिनी, ते जन्मजात असतं." दोघी हसल्या होत्या.

पण मोजता आलं तरी वेळ कशी कळते? पेटीच्या आत यंत्राचा काटा दिसत नाही. चाळीस कधी सुटला, तीस कधी, हे ज्याला ऐकू येत नाही त्याला कळणार कसं? हे कोडं तिने स्वतःला घातलं आणि उत्तर तिला आधीपासून माहीत होतं असं तिच्या लक्षात आलं, जसं एखाद्या खोलीत शिरल्यावर कळतं की कुणीतरी आत्ताच बाहेर गेलंय. शिकाऊ असताना एक खडूस सर होते. ते मागे उभे राहून तिच्या बोटाकडे बघायचे आणि म्हणायचे, "लय धरू नका. अंतर बदलतं ठेवा. माणूस आवाज ऐकून थकतो, पण वाट बघून थकत नाही. वाट बघायला शिकवलंत तर तो तुम्हाला तुमचंच उत्तर परत देईल." तेव्हापासून ती अंतर बदलत होती. तिला तसं वाटत होतं. तिने हात टेबलाखाली घेतला आणि बोटाने गुडघ्यावर, काही न ठरवता, कळ दाबत असल्यासारखं केलं. एक, दोन, तीन, आणि लांबशी विश्रांती. एक, दोन, तीन, विश्रांती. ती विश्रांती म्हणजेच तिचं बदलतं अंतर. ती तीन वर्षं, अकरा वर्षं, दर तिसऱ्या वेळी न चुकता बदलत होती.

आणि हे बोट तिचं नव्हतं. ते दादाचं होतं. आई इस्पितळात रात्रपाळी करायची आणि दिवसा झोपायची, म्हणून तापात, दातदुखीत, शाळेच्या सुटीतल्या त्या लांबलचक दुपारी तिला झोपवायचं काम बारा वर्षांनी मोठ्या दादाकडे होतं. तो एका हाताने पुस्तक धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी तिच्या पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, वाजवायचा. टप, टप, टप. मग थांबायचा. त्या थांबण्यात ती श्वास धरून राहायची. येईल की नाही, येईल की नाही. आला की श्वास सुटायचा, आणि अशा दहा-बारा वेळा श्वास सुटला की झोप लागायची. तो हळूच उठून गेला तर ती जागी व्हायची. आवाज थांबला म्हणून नाही, थांबणं संपलं नाही म्हणून. पस्तीस वर्षांनी ती त्याला काचेमागे बसवून, कानांवर हेडफोन चढवून, तीच दोन बोटं परत करत होती. त्याला यंत्र ऐकायची गरजच नव्हती.

दार उघडलं. दादा स्वतःच बाहेर आला होता, हेडफोन गळ्यात, केस विस्कटलेले. "झालं ना? किती वेळ काही सोडतच नाहीस. झोप लागेल अशाने. मुनीम वर थांबलाय, चहाला जायचंय. तूही चल." तो मोठ्याने बोलत होता. तळघरात नेहमीच मोठ्याने बोलायचा. ती त्याला म्हणायची, पेटीतून बाहेर आलं की असं होतं सगळ्यांना.

"दादा, एकदा परत बस."

"का गं? पेपर फुटला की काय?"

तो हसला. ती हसली नाही, आणि त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं; काढून ठेवायला जागा न सापडलेल्या टोपीसारखं.

"पाच मिनिटं," ती म्हणाली.

तो आत गेला. तिने दुहेरी दार लावलं. मग कपाटातून तिचं कॉलेजमधलं संख्याशास्त्राचं पुस्तक काढलं. त्याच्या शेवटी काही पानं नुसत्या आकड्यांची होती, कशाचाच कशाशी संबंध नसलेल्या आकड्यांची. त्या पानांची तिला तरुणपणी भीती वाटायची. वाचायला गेलं तर जीभ कुठे टेकायची ते कळत नसे. तिने डोळे मिटून बोट ठेवलं. सात. सात सेकंद थांबायचं. मग एक. मग एक. मग नऊ. भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवून ती फक्त तेवढंच करायचं ठरवून बसली, आणि हात जड झाला. नऊ सेकंद थांबताना तो दोनदा आपला आपण उठला आणि तिने तो दुसऱ्या हाताने दाबून धरला.

खालच्या सुरांना दादाने बरोबर दाबलं. अडीचशे, पाचशे, हजार. दिवा जरा उशिरा, जरा चाचरत, पण खरा. दोन हजारांवर चाळीस सुटला आणि दिवा लागला नाही. पन्नासवर लागला. ती पुढे गेली. तीन हजार. चाळीस सोडला. काही नाही. ती थांबली, सहा सेकंद. तिसऱ्या सेकंदाला, मोकळ्या जागेत, दिवा लागला. पाचव्याला पुन्हा लागला. मग तिने पन्नास सोडला, तेव्हा लागला नाही. साठ. दादाच्या कपाळावर आठी आली. सत्तर. सत्तर म्हणजे शेजारच्या खोलीत कुणी किंचाळावं एवढा. हेडफोनमधून बाहेर निसटलेला तो आवाज तिला दुहेरी काचेपलीकडून ऐकू आल्याचा भास झाला. दादा शांत बसला होता. पंच्याहत्तरला दिवा लागला. चार हजारांवर तिने ऐंशी सोडला, एकदा, मग पाच सेकंदांनी पुन्हा, आणि दादाने डोळे उघडले. ऐकू आलं म्हणून नाही. तो तिच्या खांद्याकडे बघत होता, खांद्याखालच्या हाताकडे, टेबलामुळे न दिसणाऱ्या. खूप वेळ बघितलं त्याने. मग बटण मांडीवर ठेवलं आणि हेडफोन काढून, त्याची वायर नीट गुंडाळून, तो बाहेर आला आणि तिच्यासमोरच्या खुर्चीत बसला. ज्या खुर्चीच्या काठावर ती बाई बसली होती, त्या.

"लय मोडलीस," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मला वाटलं होतं, झालं, आज आपला खेळ खलास. आत बसलो, काही नाही, नुसतं शांत. आणि मग..." त्याने दोन बोटं हवेत हलवली. "कळ दाबतानाही तू पुढे झुकतेस. काचेतून खांदा दिसतो. नंतर डोळे मिटले तरी चालायला लागलं. मला हसूच आलं गं. म्हटलं, ही माझी बारकी."

"आणि बाकीच्यांना?"

"शिकवलं. तीन दाबा, चौथा सोडा. आठवडाभर लागला. पोपटाने दहा मिनिटांत उचललं." मग आवाज आणखी चढवून म्हणाला, "कुणाचं काय नुकसान झालं सांग. अकरा घरं आहेत, बारकू. हे लोक दुसरं काय करणार? मुनीम काय दुकानात बसेल? आम्हाला जे ऐकायचं ते ऐकू येतं. पायांतून येतं, स्टुलातून येतं. हॉल म्हणतो कान दाखव. अरे, वाजवणं बघा!"

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तोही तिच्या तोंडाकडे बघत होता, डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. किती वर्षं तो असाच बघत असेल. तिला वाटायचं, वय झालं तसा दादा मायाळू झालाय, बोलताना कसा एकटक बघतो.

"दादा, त्या दिवशी अंगणात तू कुठे होतास?"

"सांगितलंय की. गाडीपाशी. मी आणि मुनीम, मोठा ड्रम चढवत होतो. पोपट मागे, झांजांच्या पेटीपाशी. हाकेच्या अंतरावर."

"आणि भोंगा?"

"वाजला नाही. शपथेवर सांगितलंय मी. हवं तर पुन्हा सांगेन. जनरेटर धडधडत होता, तो ऐकू येत होता मला स्पष्ट. भोंगा वाजला असता तर..." 

तिने ते वाक्य पुरं केलं नाही. टेबलावरचा नवा आलेख फक्त फिरवून त्याच्या बाजूला केला. तीस वर्षं स्वरलिपीचे कागद वाचणारा माणूस होता तो. रेषा वाचायला त्याला कुणी शिकवायला नको होतं. हजारापर्यंत रेषा बरी चालत होती. मग कड्यावरून पाय घसरावा तशी खाली. तिने तीन हजारांच्या खुणेवर, बोट ठेवावं तसं, पेनाचं टोक ठेवलं. "मागे येणाऱ्या गाडीचा भोंगा साधारण इथे वाजतो," ती म्हणाली. "बारीक, चढा."

त्याने आलेखाकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे. मग अगदी हळू, तिने लहानपणापासून ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाला, "मी खोटं नाही बोललो गं."

"नाही बोललास."

"मुनीमही नाही."

"नाही."

"पोपट वळलाच नाही," दादा म्हणाला. "मी बघत होतो. तो गाडीकडे पाठ करून काहीतरी गुणगुणत होता. मला वाटलं, तो वळला नाही म्हणजे वाजलाच नसणार. पोपटाच्या कानातून काही सुटत नाही. तुझा कागद होता त्याच्याकडे."

दोन भिंतींपलीकडे कपडे धुण्याचं यंत्र सुरू झालं. जमिनीतून त्याची थरथर खुर्चीच्या पायांत आली. दादाच्या डाव्या पायाने ती आधी उचलली. टाच हलकेच हलायला लागली, मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने गुडघ्यावर तळवा ठेवून ती थांबवली. तिला वाटलं, हा पाय थांबवून आपल्याला काय मिळणार आहे. कोठडीतल्या त्या माणसाचा चेहरा तिने पाहिलेला नव्हता. पिशवी मांडीवर घेतलेली बाई तेवढी दिसत होती, याच खुर्चीवर, दादाच्या आत बसल्यासारखी. आणि तिच्यामागे हॉलमधल्या सगळ्यात मागच्या रांगेत बारा स्टुलं, त्यातलं एक रिकामं. उद्या मुनीम स्टेजवर चढायच्या आधी कुणीतरी त्याला अडवेल. तो मोजून-मापून काहीतरी विनोद करेल. परवा नर्स कुजबुजतील. अभ्यासाचे कागद, तीन वर्षांचे, तिला स्वतःच्या हाताने रद्द करावे लागतील, आणि मग कदाचित ही पेटीही दुसऱ्या कुणाची होईल. हे सगळं तिने एका श्वासात मोजलं. आठ दिवस ती हेच मोजत होती आणि दर वेळी तिसऱ्यावर थांबत होती.

तिने खणातून पत्र काढलं. कोरा कागद घेतला. दादा कागदाकडे नाही, तिच्या ओठांकडे बघत होता, वाट बघत, लहानपणी ती बघायची तशी. येईल की नाही.

ती काहीतरी बोलली. यंत्राच्या घरघरीत ते तिलाच नीट ऐकू आलं नाही.

"काय?" दादा पुढे झुकला. "काय म्हणालीस?"

तिने पेन ठेवलं, चेहरा उजेडाकडे वळवला, आणि एकेक शब्द सुटा करून, मध्ये कुठलीही लय न धरता, मोठ्याने म्हणाली, "भोंगा वाजला होता, दादा. पोपटाला ऐकू येत नव्हतं. तुलाही येत नाही. मी आज तसं लिहून देतेय."